तात्पुरत्या फायली कुठे ठेवाव्यात

“सध्या तिथे ठेव रे. मग बघू.”

आईचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. स्वयंपाकघरातून यायचा, हात ओले असायचे, म्हणून मागे वळून न बघताच यायचा. मी दारात भिजकी छत्री घेऊन उभा असो की शेजाऱ्यांची शिडी, उत्तर एकच. आमच्या घरात वस्तू ठेवायच्या जागा दोनच होत्या, एक ‘सध्या’ आणि दुसरी ‘मग’. त्यातली ‘मग’ मी कधी पाहिली नाही. शिडी मात्र ‘सध्या’मध्ये इतकी रुळली, की शेजारी घर सोडून गेले तरी ती आमच्या भिंतीला टेकून उभीच.

हा आवाज मला पुन्हा ऐकू आला तो संगणकासमोर बसलेला असताना. मी एक प्रोग्रॅम लिहीत होतो आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्या प्रत्येक माणसासमोर कधी ना कधी येणारा प्रश्न माझ्यासमोर आला होता: कामाच्या मधल्या तात्पुरत्या फायली कुठे ठेवायच्या?

मला वाटलं, हा काय प्रश्न आहे.

माझ्या बायकोचं शिवणाचं दुकान आहे. एक मशीन, एक कापायचं टेबल आणि दारावर एक घंटा, एवढंच. त्या दुकानाला पहिल्यांदा मोठं काम मिळालं होतं. अग्निशमन दलाच्या बँडपथकाचे नवे कोट. अट अशी, की प्रत्येक वादकाच्या मापाचं कागदी कटिंग आधी बँडमास्तरांना दाखवायचं. त्यांनी मान हलवली तर कापडाला कात्री लावायची. नाहीतर काम तयार कपड्यांच्या मोठ्या दुकानाकडे जायचं. वादक म्हणजे काही रांगेत उभे केलेले खांब नव्हेत. मोठा ढोल पुढे बांधणाऱ्याचं पोट ढोलाशी स्पर्धा करणारं, आणि लांब पितळी वाद्य पुढे-मागे सरकवणाऱ्याचा उजवा हात डाव्यापेक्षा लांब झालेला. प्रत्येकाची बाही निराळी, पाठ निराळी, कॉलर निराळी.

“एवढे कागद हाताने काढायचे म्हणजे माझी मान मोडेल,” बायको म्हणाली.

ती सहज बोलली. पण नवऱ्यांना सहज बोललेलं ऐकू येत नाही, आव्हान ऐकू येतं. मी ऑफिसात नोंदी ठेवणारा माणूस; संध्याकाळच्या वर्गाला जाऊन प्रोग्रॅम लिहायला शिकलेला. म्हटलं, “तू मापं सांग. कागद संगणक काढेल.”

आणि खरंच काढायला लागला. माप भरलं की बाही, पाठ, पुढचे दोन भाग, कॉलर असे सुटे तुकडे तयार व्हायचे, कडेने शिलाईची माया सोडून. सगळ्या वादकांची मापं भरून झाली की हे तुकडे मोठ्या कागदावर दाटीवाटीने बसवून छापायचे. बायको दुकान बंद करून यायची, चहा घेता घेता मापं सांगायची, मी भरायचो. रोज जमतील तेवढे वादक. तोवर झालेले तुकडे कुठेतरी थांबायला हवे होते. पाहुणे जमेपर्यंत लवकर आलेले पाहुणे बाहेरच्या खोलीत थांबतात, तसे.

प्रत्येक संगणकाला अशी एक बाहेरची खोली असतेच. तात्पुरत्या फायलींची त्याची स्वतःची जागा. शहाण्या माणसाने ती वापरावी. मी शहाणा, मी वापरली. दुसऱ्या दिवशी संगणक लावला तर खोली रिकामी. आदल्या दिवशीचा आख्खा ढोलवाला गायब. एवढा मोठा माणूस, पण मागे एक बटणसुद्धा नाही.

मी वरच्या मजल्यावर गेलो. तिथे एक निवृत्त गृहस्थ राहतात, त्यांना आमच्या इमारतीत सर्वज्ञ म्हणतात. तोंडावर म्हटलं तरी ते नाकारत नाहीत. नळ गळत असो, लिफ्ट अडकलेली असो की सून रुसलेली असो, सर्वज्ञांकडे उपाय असतो. आणि बहुतेक वेळा मूळ दुखणंही त्यांच्याच आधीच्या उपायातून निघालेलं असतं.

“अहो, तुमच्या संगणकावर मीच सफाईचा प्रोग्रॅम टाकलाय,” ते अभिमानाने म्हणाले. “बंद करताना तात्पुरतं सगळं धुऊन काढतो. आख्ख्या इमारतीत टाकलाय.”

“मला न विचारता?”

“तुम्ही ऑफिसात होता. तुमच्या सासऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, स्वच्छता चांगलीच.”

“मग आता मी तुकडे ठेवू कुठे?”

“डोळ्यांसमोर ठेवा! माणूस डोळ्यांसमोरचं विसरत नाही.”

तेव्हा मी पडद्यावर, अगदी दर्शनी, एक फोल्डर केलं आणि त्याला नाव दिलं ‘तात्पुरते’. हे नाव ठेवणं ही माझी या प्रकरणातली सर्वांत महाग चूक. ‘तात्पुरते’ या शब्दाला मी फार हलकं समजलो. वास्तविक मला कळायला हवं होतं. माझं ऑफिस ज्या पत्र्याच्या शेडमध्ये भरतं ती तात्पुरती आहे, माझी तिथली बदली तात्पुरती आहे, आणि आमच्या साहेबांच्या खुर्चीचा चौथा पाय म्हणून ठेवलेली वीटही तात्पुरती आहे. या तिन्हींनी मिळून माझे केस पांढरे केलेत.

फोल्डर दर्शनी ठेवलं आणि तुकडे पुन्हा नाहीसे झाले. सफाईचा प्रोग्रॅम मी काढून टाकला होता. विषाणू शोधला, तो सापडला नाही. स्वतःच्या ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. त्यात चुका सापडल्या, पण ही नव्हे. मग एके दिवशी डोकं दुखतंय म्हणून ऑफिसातून लवकर घरी आलो आणि चोर सापडला.

चोर म्हणजे माझे सासरे.

अप्पा हातांना कंप सुटल्यावर आपलं टेलरिंगचं दुकान बंद करून आमच्याकडे राहायला आले होते. दुपारी ते संगणकावर पत्ते लावायचे, तेवढीच एक करमणूक. मी दारात उभा राहिलो तेव्हा त्यांचा पत्त्यांचा डाव आटोपला होता. चष्मा नाकाच्या टोकावर, एक हात दुसऱ्या हाताने धरलेला, म्हणजे माउस हलू नये. ‘तात्पुरते’ उघडलेलं. एकेक तुकडा उचलून ते कचऱ्याच्या डब्यात टाकत होते. डबा भरला की डबाही रिकामा करत होते. आणि हळू आवाजात गुणगुणत होते,

“सुईमागे दोरा, दोऱ्यामागे टाका,
उठताना गड्या, टेबल झाडून टाका.”

सगळं झाल्यावर त्यांनी धोतराच्या नव्हे, खास आणलेल्या मऊ फडक्याने पडदा पुसला, माउस बरोबर पडद्याच्या मधोमध ठेवला आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलं. दिवसभराचं काम संपवलेल्या माणसाचा चेहरा होता तो. मला बघून म्हणाले, “या जावईबापू. लवकर आलात? बघा, कात्रणं फार साठतात तुमच्याकडे. मी रोज काढतो. टेबलावर चिंधी ठेवून दुकान बंद करू नये.”

“छान केलंत,” असं मी म्हणालो. म्हणालो खरा.

संध्याकाळी बायकोला स्वयंपाकघरात गाठलं. अप्पांना ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला आणि सगळं सांगितलं.

“खबरदार त्यांना काही बोललात तर!” ती म्हणाली.

“अगं, एक वाक्य आहे. ‘अप्पा, त्या फोल्डरला हात लावू नका.’”

“तेच वाक्य नको. अहो, इथे आल्यापासून त्या माणसाने एका गोष्टीला आपणहून हात लावला नाहीये. पाणीसुद्धा विचारून पितात. खुर्ची सरकवायची तर ‘सरकवू का?’ म्हणतात. पाहुण्यासारखे बसून असतात, मला बघवत नाही. आणि ज्या एका गोष्टीला हात लावला तिलाच तुम्ही ‘लावू नका’ म्हणणार? उद्यापासून ते उठायचेच नाहीत.”

“आणि तुझे कोट?”

तिने नळ आणखी मोठा सोडला. “तुम्ही प्रोग्रॅम लिहिता ना? मग फायली दुसरीकडे ठेवा की! संगणकात एवढीशी जागा नाही?”

आता वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. जे काम एका वाक्यात झालं असतं ते वाक्य न बोलता करायचं ठरलं, की त्याला किती यंत्रसामग्री लागते. यापुढचं सगळं त्या एका वाक्याच्या बदल्यात घडलं.

पहिल्यांदा मी फोल्डरचं नाव बदलून ‘महत्त्वाचे’ केलं. बायको म्हणाली, हे म्हणजे अप्पांच्या तोंडावर पाटी लावणं. ‘चालू काम’ म्हटलं, तर तिला ते टोमण्यासारखं वाटलं. शेवटी ‘कोट’ असं नुसतं नाव दिलं. अप्पांनी ते उघडलं, आत कोट नाही, नुसते तुकडे दिसले, तेही झाडले.

मग तुकडे माझ्या कागदपत्रांच्या फोल्डरात हलवले. ते आमच्या सगळ्या कुटुंबाच्या सामाईक साठ्याला जोडलेलं होतं, म्हणजे एकाने ठेवलेलं सगळ्यांच्या फोनवर दिसणार. हे मला आठवलं ते मेहुण्याचा फोन आल्यावर.

“भाऊजी, तुम्ही मला बाह्या का पाठवताय?”

“कुठल्या बाह्या?”

“डाव्या! सकाळपासून डाव्याच येतायत. आणि साठा भरला म्हणतो. बाळाच्या पहिल्या पावलांचा व्हिडिओ काढला, तो ठेवायला जागा नाही. बायको म्हणते, तुझ्या भाऊजींच्या बाह्यांनी माझ्या बाळाची पावलं अडवली.”

“सगळं काढतो रे बाबा.”

“उजव्या कधी येणार?” तो म्हणाला. या घराण्याला गंभीर प्रसंगाची जाण नाही.

मग पेनड्राइव्ह. बाहेरून लावायचा, काम झालं की काढून कपाटात. सर्वज्ञांनी स्वतःचा दिला, “लावून ठेवा, कोणाला कळणार नाही” म्हणून. अप्पांना कळलं. संगणकातून काहीतरी टोक बाहेर आलंय, येता-जाता कोणाला लागेल, म्हणून त्यांनी तो काम चालू असतानाच उपटला आणि सुया-टाचण्यांच्या डबीत घालून ठेवला. टोकदार वस्तू डबीतच, हा त्यांचा आयुष्यभराचा नियम. अर्धवट लिहिलेल्या तुकड्यांनी जागीच प्राण सोडला. सर्वज्ञांच्या नातीच्या नाचाचे फोटोही त्यांच्याबरोबर गेले. तेव्हापासून सर्वज्ञ मला लिफ्टमध्ये फक्त मजला विचारतात.

उरली एकच जागा, संगणकाची स्वतःची यंत्रणा जिथे राहते ते आतलं फोल्डर. अप्पा तिथवर कधीच पोचले नसते. पण तिथे मीही पोचेना. हा संगणक आमच्या ऑफिसने मोडीत काढलेला. मी घेतला तेव्हा त्याच्या अंगावरचं ऑफिसचं कुलूप तसंच राहिलेलं. आतल्या जागेत काही लिहायचं तर तो पासवर्ड मागायचा, आणि पासवर्ड ऑफिसच्या संगणक विभागाकडे. त्या विभागातल्या मॅडमनी माझा अर्ज उलटसुलट बघितला.

“हा संगणक आमच्याकडे नोंदलेला नाही.”

“नाही. तो मोडीत निघाला.”

“मग जो नाही त्याचा पासवर्ड कसा देणार?”

“तो माझ्या घरी आहे.”

“तुमच्या घरी असेल. नोंदीत नाहीये. आधी तो परत जमा करा, नोंद होईल, मग पासवर्डचा अर्ज करा, मग पुन्हा मोडीत काढायचा प्रस्ताव टाका.” मग त्यांनी सहज विचारलं, “ठेवायचंय काय पण?”

मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. “या फायली तुम्हाला आठवडाभर लागतात?”

“हो.”

“मग त्या तात्पुरत्या कशा? तात्पुरती फाइल म्हणजे प्रोग्रॅमला पुन्हा बनवता येईल अशी, गेली तरी कोणी रडणार नाही अशी. ही तर तुमची चालू कामं आहेत. माणसाला दिसतील अशा जागी, त्याला विचारून ठेवायची असतात. ज्याचा संगणक, त्याला विचारा ना कुठे ठेवू.”

बरोबर होतं ते. बरोबर होतं म्हणूनच मला झोंबलं. मी “बघतो” म्हणून अर्ज उचलला आणि, दुसरा उपाय नव्हता म्हणून, घरी येऊन तुकडे लपवले. फोल्डर अदृश्य करायची एक सोय असते. आहे पण दिसत नाही अशी. अनेक खात्यांत अशी माणसंही असतात. तुकड्यांचं फोल्डर मी अप्पांच्या पत्त्यांच्या फोल्डरात, आतमध्ये, अदृश्य करून ठेवलं. स्वतःच्या हुशारीवर त्या दिवशी मी फार खूश होतो.

पुढचे काही दिवस सुखाचे गेले. मापं भरत गेली. बँडमास्तर शुक्रवारी येणार होते. बुधवारी संध्याकाळी शेवटचा वादक, झांजवाला, भरला की छापायचं, एवढंच उरलं. बायको त्या दिवशी वाटेत गुणगुणत होती. मी तिच्या दुकानाशी थांबलो होतो, दोघं बरोबरच घरी आलो.

अप्पा दारातच भेटले. कधी नव्हे ते उत्साहात.

“जावईबापू, आज मी मोठं काम केलं. वरचे गृहस्थ आले होते, आपली डबी उघडून त्यांचा तो पेन न्यायला. जाता जाता म्हणाले, संगणकात न दिसणारा कचराही असतो, दाखवू का? म्हटलं दाखवा. काय सांगू! माझ्या पत्त्यांच्या मागे ढीग दडलेला. किती दिवसांचा कोणास ठाऊक. दुपारभर बसून झाडला सगळा.”

मी बायकोकडे बघितलं. तिने पिशवी खाली ठेवली. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच होती, दुकानातून निघताना काढायची राहिली होती. मला वाटलं, आता ती स्वयंपाकघरात जाईल आणि नळ सोडेल. मी निघालोसुद्धा त्या दिशेने.

ती जागची हलली नाही. “अप्पा,” ती म्हणाली, “ती कात्रणं नव्हती. ते बँडवाल्यांचे कोट होते. सगळे.”

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी मांजराकडे बघावं तसं कोपऱ्याकडे बघितलं. आमच्याकडे मांजर नाही.

“आजचे?” त्यांनी विचारलं.

“आजचे, कालचे. अगदी पहिल्या दिवसापासून.”

“म्हणजे मी रोज कोट झाडत होतो?”

“हो.”

“आणि हे तुम्हा दोघांना ठाऊक होतं?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून—”

“वाईट!” अप्पांचा आवाज चढला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच चढला, आणि मला त्यात एक दणकट टेलरमास्तर ऐकू आला. “अगं, माझ्या हातून एक पाठ उलटी कापली गेली होती, तेव्हा तुझी आई समोरच्या फुटपाथवरच्या माणसांना ऐकू जाईल असं बोलली होती. मी काय मेलो का? जेवलो आणि दुसरी कापली. तुम्ही मात्र रोज नळ सोडून कुजबुजता. मला वाटायचं, म्हातारा आणखी किती दिवस राहणार, ह्याचा हिशेब चाललाय.”

“अप्पा!” बायको म्हणाली. मीही काहीतरी म्हणालो. माझ्या तोंडून ‘पाण्याचा दाब’ असे शब्द गेल्याचं आठवतं.

अप्पा खुर्चीवर बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. हात थरथरत होते, म्हणून खुर्चीही जरा वाजत होती.

“परवा दाखवायचेत ना कागद?”

“परवा. आता संगणकाच्या भरवशावर मी राहणार नाही. हाताने काढायचे तर मापं बघायची, आकडा डोक्यात धरायचा, रेघ मारायची, परत बघायचं. एकटीला जमणार नाही.”

मला वाटलं, आता माफी मागतील आणि उद्यापासून पत्तेही लावणार नाहीत. हिने ज्याची भीती घातली होती तेच होणार. मी ‘असू दे हो अप्पा, कोटांचं काय एवढं’ म्हणायला तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात ते बोलले, आणि माझ्याशी नाही, लेकीशीच बोलले.

“आल्या दिवसापासून एक गोष्ट घशात अडकलीय. लेकीकडे मागायची लाज वाटते म्हणून मागितली नाही. तू मला खुर्ची देतेस, चहा देतेस, पत्ते देतेस. काम देत नाहीस. माझ्या हातांना कंप आहे, कबूल. कात्री नको मला. पण आकडे वाचून दाखवीन, रेघ चुकली तर ओरडेन, खडू पुढे करीन. टेबल झाडीन, ते मला येतं, तुम्ही बघितलंच. तुझ्या दुकानात मला ठेवतेस का?”

बायकोने गळ्यातली टेप काढली, बोटांभोवती गुंडाळायला लागली, पुन्हा सोडली. नाक एकदा ओढलं. मग दुकानात नवी बाई कामाला विचारायला येते तेव्हा तिचा जो आवाज लागतो, तो लावायचा तिने पुष्कळ प्रयत्न केला.

“नऊला उघडते मी,” ती म्हणाली. “आणि अप्पा, उशिरा आलेलं मला चालत नाही.”